स्वतःचा स्वीकार, ख्रिस्ती प्रीती आणि मनाचे पूर्णत्व : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्यात कॅम्प आणि गुरुवार पेठेपासून वडगाव शेरी आणि पिंपरीपर्यंत पसरलेल्या मराठी ख्रिस्ती मंडळ्यांमध्ये पाळकांना, फादरांना आणि समुपदेशकांना जे प्रश्न पुन्हा पुन्हा ऐकावे लागतात, त्यांपैकी काही येथे घेतले आहेत. उत्तरांमागची माझी धारणा सुरुवातीलाच सांगते. माणूस आधी सुधारतो आणि मग प्रेमाला पात्र ठरतो, ही समजूत आपल्या घरांत आणि मंडळ्यांत खोलवर रुजलेली आहे. शुभवर्तमान नेमका उलटा क्रम सांगते, आणि विसाव्या शतकातील मानसोपचारही स्वतंत्र वाटेने त्याच क्रमाशी येऊन पोहोचला आहे. दोहोंत मतभेद आहेत, ते लपवलेले नाहीत.

स्वतःवर प्रेम करणे हा स्वार्थ नव्हे काय?

शेजाऱ्यावर आपल्यासारखी प्रीती करावी, ही आज्ञा लेवीय पुस्तकाच्या एकोणिसाव्या अध्यायात आहे, आणि येशूने ती देवावरील प्रीतीच्या आज्ञेला जोडून सर्वांत मोठ्या आज्ञांमध्ये ठेवली (मार्क 12). या आज्ञेतील ‘आपल्यासारखी’ या भागाचे काय करायचे, यावर चर्चमध्ये शतकानुशतके वाद झालेला आहे. तेराव्या शतकात कॅथोलिक धर्मशास्त्रज्ञ थॉमस अक्वायनसने असे मांडले की प्रीतीच्या क्रमात देवानंतर माणसाने स्वतःच्या आत्म्याचे भले इच्छावे आणि त्यानंतर शेजाऱ्याचे, कारण शेजाऱ्यावरील प्रेमाचे माप तेथूनच मिळते. त्याच्याही आधी, बाराव्या शतकात, क्लेअरव्होच्या बर्नार्डने प्रीतीच्या चार पायऱ्या सांगितल्या. पहिली पायरी स्वतःसाठी स्वतःवर प्रेम करण्याची, दुसरी आपल्या गरजेपोटी देवावर प्रेम करण्याची, तिसरी देवासाठीच देवावर प्रेम करण्याची. आणि चौथी, सर्वांत उंच पायरी म्हणजे देवासाठी स्वतःवर प्रेम करणे. ज्याला आपण प्रवासाचा आरंभ समजतो तेथेच बर्नार्डचा माणूस शेवटी शुद्ध होऊन परततो, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

सोळाव्या शतकातील प्रोटेस्टंट सुधारक जॉन कॅल्व्हिनचे मत मात्र कठोर होते. माणूस स्वतःवर आधीच गरजेपेक्षा अधिक प्रेम करतो, त्यामुळे त्याला आत्मप्रीती शिकवणे म्हणजे रोगाला खतपाणी घालणे होय, असे त्याने लिहिले. आपल्याकडील अनेक प्रोटेस्टंट मंडळ्यांतील प्रवचने आजही याच सुरात असतात. अहंकारी माणसाबद्दल कॅल्व्हिनचे निदान अचूक आहे. परंतु जी व्यक्ती लहानपणापासून ‘तू कोणाच्या कामाची नाहीस’ एवढेच ऐकत आली आहे, तिला तेच औषध दिले तर तिचा आजार वाढतो.

मानसविश्लेषक एरिक फ्रॉम याने 1939 साली दाखवून दिले की स्वार्थ आणि आत्मप्रेम या परस्परविरोधी अवस्था आहेत. स्वार्थी माणूस आतून रिकामा असतो, म्हणूनच त्याला सतत ओढून घ्यावे लागते. फ्रॉम ख्रिस्ती नव्हता, पण या एका मुद्द्यावर तो अक्वायनसपासून फार दूर नाही.

मग ‘स्वतःला नाकारावे’ या येशूच्या वचनाचा अर्थ काय?

हे वचन (मार्क 8) शिष्यांना वधस्तंभाच्या वाटेविषयी सांगताना आले आहे. आपणच सर्वांचे केंद्र आहोत, आपले नाव आणि आपली सुरक्षितता काहीही करून टिकलीच पाहिजे, हा दावा सोडून देण्याविषयी ते आहे. स्वतःचा तिरस्कार करा असे तेथे म्हटलेले नाही. योहानाच्या तेराव्या अध्यायात येशू शिष्यांचे पाय धुतो त्याआधीचे वाक्य लक्षपूर्वक वाचावे. आपण देवापासून आलो आहोत आणि देवाकडे जात आहोत हे ओळखून तो भोजनावरून उठला, असे तेथे लिहिलेले आहे. आपण कोण आहोत हे ज्याला ठाऊक आहे, तोच कमीपणा न वाटता दुसऱ्याच्या पायांशी बसू शकतो. घरात सर्वांचे करून करून थकलेली आणि मनातून कडवट झालेली सून जेव्हा ‘मी स्वतःला नाकारते आहे’ असे म्हणते, तेव्हा तिला हे विचारायला हवे की ती देत आहे की तिच्याकडून घेतले जात आहे. जे कधी आपले होऊच दिले गेले नाही, ते अर्पण करता येत नाही.

मानसशास्त्रात स्वस्वीकार म्हणजे नेमके काय?

स्वस्वीकार म्हणजे स्वतःचे गुण, दोष, भावना आणि भूतकाळ नाकारल्याशिवाय पाहता येणे, आणि जे दिसेल त्यावरून स्वतःचे माणूस म्हणून मोल न ठरवणे. स्वाभिमान वाढवण्यापेक्षा ही गोष्ट वेगळी आहे, कारण स्वाभिमान बहुधा यशावर आणि तुलनेवर उभा असतो आणि अपयशाबरोबर खचतो. विवेकनिष्ठ मानसोपचाराचा प्रवर्तक अल्बर्ट एलिस याचा आग्रह असा होता की कृतीला चांगले-वाईट म्हणावे, पण त्या एका कृतीवरून संपूर्ण माणसावर शिक्का मारू नये. क्रिस्टिन नेफ यांनी 2003 मध्ये मांडलेल्या आत्मकरुणेच्या संकल्पनेत तीन गोष्टी आहेत : स्वतःशी मायेने वागणे, आपले दुःख हे सर्व माणसांच्या वाट्याला येणारे आहे हे ओळखणे, आणि वेदना न फुगवता, न दडपता तिच्याकडे सजगपणे पाहणे.

या सर्व विचारावर अमेरिकन मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स (1902–1987) याची छाया आहे. कडक प्रोटेस्टंट घरात वाढलेला हा माणूस न्यूयॉर्कच्या युनियन थिऑलॉजिकल सेमिनरीत धर्मशास्त्र शिकायला गेला आणि तेथून मानसशास्त्राकडे वळला. उपचार करणाऱ्याने समोरच्या व्यक्तीचा कोणतीही अट न घालता आदर केला, तिला समजून घेतले आणि स्वतः प्रामाणिक राहिला, तर ती व्यक्ती बदलू लागते, असा त्याचा सिद्धांत होता. सेमिनरी सोडूनही कृपेचा क्रम त्याच्याबरोबर राहिला, असे मला वाटते.

जसे आहोत तसे स्वीकारले, तर सुधारण्याची गरज उरत नाही, असे होत नाही काय?

हा आक्षेप सर्वांत जास्त ऐकू येतो, आणि तो गांभीर्याने घेण्यासारखा आहे. जक्कयाची गोष्ट (लूक 19) या दृष्टीने पुन्हा वाचावी. तो जकातदारांचा प्रमुख होता आणि लोकांना लुबाडून श्रीमंत झाला होता. येशू त्याला झाडावरून खाली उतरायला सांगतो आणि आज तुझ्या घरी उतरायचे आहे असे म्हणतो. त्या क्षणापर्यंत जक्कयाने एक पैसाही परत केलेला नसतो. अर्धी मालमत्ता गरिबांना आणि लुबाडलेल्यांना चौपट परतफेड, हे शब्द त्यानंतर येतात. येशूने ‘आधी परत कर, मग मी येतो’ अशी अट घातली असती तर जमावाचे समाधान झाले असते, पण जक्कय त्या झाडावरच राहिला असता. त्याचबरोबर हेही विसरू नये की जक्कय बदलला आणि त्याच्या बदलाने प्रत्यक्ष लोकांचे पैसे परत मिळाले. ज्या स्वीकारातून काहीच बदलत नाही, तो स्वीकार आहे की निव्वळ दुर्लक्ष, हे तपासले पाहिजे.

रॉजर्सचा अनुभवही हाच होता की माणूस स्वतःला आहे तसा मान्य करतो तेव्हाच त्याच्यात बदल सुरू होतो. धर्मशास्त्रज्ञ पॉल टिलिख (1886–1965) याने कृपेचे वर्णन करताना म्हटले की तुझा स्वीकार झालेला आहे, आणि तू फक्त तो झाल्याचे मान्य करायचे आहे. 1965 साली टिलिखच्या मृत्यूच्या काही महिने आधी या दोघांचा जाहीर संवादही झाला. त्यांच्यातला फरक मात्र खरा आहे. रॉजर्सच्या दृष्टीने माणसाच्या आत मुळात वाढीची, चांगल्याकडे जाणारी ओढ आहे आणि स्वीकार तिला मोकळे करतो. ख्रिस्ती विश्वास म्हणतो की ती ओढ देवाने घातलेली आहे, पण ती जखमी आहे, आणि केवळ समजून घेण्याने नव्हे तर क्षमेने ती बरी होते. समुपदेशक समजून घेऊ शकतो. ज्याचा अपराध केला त्याच्या वतीने क्षमा करण्याचा अधिकार त्याला नसतो.

अपराधभाव आणि लाज यांत काय फरक आहे?

हेलन ब्लॉक लुईस या मानसविश्लेषिकेने 1971 मध्ये हा फरक स्पष्ट केला. अपराधभावात लक्ष कृतीवर असते, ‘मी वाईट केले’. लाजेत ते संपूर्ण स्वत्वावर असते, ‘मी वाईट आहे’. पहिल्या भावनेतून माफी मागण्याची, भरपाई करण्याची हालचाल होते, दुसरीतून लपण्याची. पेत्र आणि यहूदा इस्कार्योत या दोघांनीही गुरूशी दगा केला आणि दोघांनाही पस्तावा झाला. यहूदा एकटा निघून गेला. पेत्र रडला, पण इतर शिष्यांत राहिला, आणि तिबिर्याच्या समुद्राकाठी येशूने त्याला तीनदा विचारले की तू माझ्यावर प्रीती करतोस काय. पेत्राने तीनदा नाकारले होते, म्हणून तीनदा. त्या संवादात येशू घडलेले पुसून टाकत नाही आणि पेत्राला त्यावरून हिणवतही नाही; त्याच्यावर मेंढरांची जबाबदारी सोपवतो.

आपल्या घरांत ‘लोक काय म्हणतील’ या एका वाक्याने अपराधभावाचे रूपांतर लाजेत होते. दहावीत नापास झालेला मुलगा, मोडलेले लग्न, नैराश्याची गोळी घेणारी आई, यांतल्या कित्येक गोष्टींत अपराध मुळी नसतोच.

ज्या लाजेचे कारण आपली जात आहे, तिचे काय करावे?

पुणे आणि अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) भागातील अनेक ख्रिस्ती कुटुंबांचे पूर्वज दलित समाजांतून आले. देव त्यांना आपल्या प्रतिरूपात निर्माण करतो (उत्पत्ती 1) ही शिकवण त्यांनी मोठ्या आनंदाने घेतली, पण गावाने आणि कधी कधी मंडळीनेही त्यांना जुन्याच नजरेने पाहिले. 1950च्या अनुसूचित जाती आदेशानुसार धर्मांतरित दलित ख्रिस्ती व्यक्तींना अनुसूचित जातीचा दर्जा नाही, त्यामुळे अनेकांना आपली ओळख कागदावर एक आणि घरात दुसरी ठेवावी लागते. अशा माणसाला ‘स्वतःचा स्वीकार कर’ एवढेच सांगून थांबणे अन्यायाचे आहे. येथे दोष त्याच्या मनात नाही, तो त्याच्यावर बाहेरून लादला गेला आहे, आणि जोवर मंडळी प्रभुभोजनाच्या मेजावरची समानता लग्न जुळवतानाही पाळत नाही, तोवर समुपदेशनाने हा घाव भरणार नाही.

ख्रिस्ती असणे आणि मराठी असणे, यांपैकी एकाचा त्याग केल्याशिवाय मन एकसंध राहू शकते काय?

राहू शकते. रेव्हरंड नारायण वामन टिळक (1861–1919) यांचा बाप्तिस्मा 1895 मध्ये झाला, आणि तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताच्या चरणांशी आलो असे ते सांगत. त्यांची भजने आणि अभंग आजही रविवारच्या उपासनेत टाळ-तबल्यावर म्हटले जातात. देहूच्या इतक्या जवळ राहणाऱ्या आपल्यासारख्यांना स्वतःच्या दोषांची उघड कबुली देणारी आणि तरीही देवाशी हक्काने भांडणारी तुकोबांची वाणी परकी वाटण्याचे कारण नाही.

‘देवाने मला क्षमा केली’ हे मला माहीत आहे, पण तसे वाटत नाही. माझा विश्वास खोटा आहे काय?

नाही. माहीत असणे आणि मनात उतरणे यांमध्ये कधी कधी अनेक वर्षांचे अंतर असते. पंडिता रमाबाई (1858–1922) यांचेच उदाहरण घ्या. वाँटेज येथील भगिनींच्या, म्हणजे ख्रिस्ती संन्यासिनींच्या, सहवासात इंग्लंडमध्ये 1883 साली त्यांचा बाप्तिस्मा झाला. पुढे त्यांनी आपल्या साक्षीत लिहिले की बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षांनी त्यांना उमगले की आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, पण ख्रिस्त सापडला नव्हता. विधवांसाठी त्यांनी काढलेले शारदा सदन 1890 मध्ये मुंबईहून पुण्याला आले होते, म्हणजे संस्कृतची ही पंडिता, शास्त्रार्थात भल्याभल्यांना निरुत्तर करणारी, विधवांसाठी दिवसरात्र राबणारी, त्या काळात याच शहरात कर्तृत्वाने यशस्वी आणि आतून अस्वस्थ अशी जगत होती. आपण जसे आहोत तसे, पापांसहित, ख्रिस्ताकडे जायचे आहे, हे त्यांना तेव्हा उमगले. त्यांनी ही गोष्ट लपवली नाही याबद्दल मला त्यांच्याविषयी अपार कृतज्ञता वाटते, कारण मंडळीत अशा आठ वर्षांतून जाणारे पुष्कळ लोक असतात आणि ते बोलत नाहीत.

मानसशास्त्राकडे याचे आणखी एक स्पष्टीकरण आहे. ब्रिटिश मानसोपचारतज्ज्ञ जॉन बोल्बी (1907–1990) याच्या मते, लहानपणी सांभाळणाऱ्या व्यक्तीशी जसे नाते जडते, तसा एक आराखडा मनात तयार होतो आणि पुढची नाती त्यावर बेतली जातात. ज्याच्या वडिलांचे प्रेम मार्कांवर अवलंबून होते, त्याला ‘हे आमच्या स्वर्गातील पित्या’ म्हणतानाही आपण परीक्षेला बसलो आहोत असे वाटू शकते. तो आराखडा केवळ विचाराने बदलत नाही. विश्वासार्ह माणसांच्या दीर्घ सहवासाने तो हळूहळू बदलतो, आणि यासाठीच मंडळीची गरज आहे.

वारंवार पापांची कबुली देऊनही समाधान होत नाही. काय करावे?

हा अनुभव फार जुना आहे. इग्नेशियस लोयोला 1522 मध्ये स्पेनमधील मानरेसा येथे असताना कबुली दिलेली पापेच पुन्हा पुन्हा आठवून इतका व्याकूळ झाला की जीव देण्याचा विचार त्याच्या मनात आला. मार्टिन ल्यूथर मठात असताना तासन्‌तास पापनिवेदन करीत असे, आणि त्याचा मार्गदर्शक श्टाउपिट्झ त्याला देवाच्या दयेकडे पाहायला सांगे. एक येशूसंघाचा, म्हणजे जेझुइट या कॅथोलिक धर्मसंघाचा, संस्थापक झाला, दुसरा प्रोटेस्टंट सुधारणेचा प्रणेता; दोघांनाही आरंभी एकच यातना भोगावी लागली.

आज अशा अवस्थेकडे काही वेळा मंत्रचळाचा, म्हणजे ऑब्सेसिव्ह कम्पल्सिव्ह डिसऑर्डरचा, एक प्रकार म्हणून पाहिले जाते. तीच प्रार्थना ‘नीट झाली नाही’ म्हणून पुन्हा म्हणणे, देवनिंदेचे नको असलेले विचार येणे, फादरांना किंवा पाळकांना तोच प्रश्न दररोज विचारणे, ही त्याची लक्षणे असू शकतात. अशा व्यक्तीला दर वेळी धीर दिल्याने चक्र थांबत नाही, उलट घट्ट होते. वर्तनोपचार आणि गरज पडल्यास औषधे यांचा चांगला उपयोग होतो. इग्नेशियसने या अवस्थेसाठी लिहून ठेवलेला सल्लाही आश्चर्यकारकरीत्या आधुनिक आहे : ज्या बाजूला मन अति झुकते, त्याच्या उलट बाजूला जाणीवपूर्वक पाऊल टाकावे.

पूर्णत्व म्हणजे निर्दोष होणे काय?

स्विस पाळकाचा मुलगा असलेल्या कार्ल युंगने (1875–1961) असे मांडले की माणसाचे ध्येय निर्दोषत्व नसून पूर्णत्व आहे, आणि त्यासाठी स्वतःची जी बाजू आपण अंधारात ढकलतो तिला ओळखून आपली म्हणावे लागते. स्वतःचा राग, मत्सर, वासना न ओळखणारा धार्मिक माणूस याच गोष्टी दुसऱ्यांवर लादतो, हे युंगचे निरीक्षण मंडळीच्या कोणत्याही भांडणात पडताळून पाहता येईल. परंतु पुढे युंग दुष्टालाही देवाच्याच स्वरूपात जागा देऊ लागला, तेव्हा त्याचा मित्र, डॉमिनिकन धर्मशास्त्रज्ञ व्हिक्टर व्हाइट याचे त्याच्याशी पटेनासे झाले. येथे मी व्हाइटच्या बाजूने आहे. स्वतःतील दुष्टपणा ओळखणे आवश्यक आहे. त्याला पूर्णत्वाचा घटक मानणे वेगळे.

नव्या करारातील पूर्णत्वात जखमेला जागा आहे. पौलाने आपल्या देहातील काटा काढून टाकावा म्हणून तीनदा विनंती केली आणि उत्तर मिळाले की माझी कृपा तुला पुरे आहे (2 करिंथ 12). पुनरुत्थित येशू थोमाला हात दाखवतो, त्या हातांवर खिळ्यांचे व्रण आहेत. सांधलेल्या हाडावर सांध्याची खूण राहते, तरी त्यावर चालता येते. बरे झालेल्या मनाचेही तसेच आहे.

ध्यान आणि मानसोपचाराच्या पद्धती ख्रिस्ती व्यक्तीने वापराव्यात काय?

या प्रश्नाला पुण्याचा स्वतःचा इतिहास आहे. येशूसंघीय फादर अँथनी डी मेलो (1931–1987) यांनी शिकागोत समुपदेशनाचे शिक्षण घेतले आणि 1970च्या दशकात पुण्यात साधना संस्था सुरू केली. ती पुढे लोणावळ्याला गेली. श्वासाकडे लक्ष देणे, शरीराच्या संवेदना जाणणे, शुभवर्तमानातील प्रसंगात कल्पनेने शिरणे, यांतून त्यांनी असंख्य लोकांना प्रार्थनेत स्वतःशी प्रामाणिक व्हायला शिकवले. 1998 मध्ये व्हॅटिकनने मात्र अशी सूचना काढली की त्यांच्या काही भूमिका कॅथोलिक श्रद्धेशी विसंगत आहेत. माझे मत असे की पद्धत स्वीकारताना ती कोठे नेते हे विचारावे. शांत बसण्याने देवाशी आणि माणसांशी नाते अधिक खरे होत असेल तर भीतीचे कारण नाही.

समुपदेशकाकडे जाणे म्हणजे विश्वास कमी पडणे काय?

नाही. एलीया मरण मागत झुडपाखाली पडला तेव्हा देवाने त्याला उपदेश केला नाही, आधी झोप, भाकर आणि पाणी दिले (1 राजे 19). समुपदेशक बोलून मदत करतो. औषध लिहून देण्यासाठी मानसोपचारतज्ज्ञ, म्हणजे डॉक्टरच लागतो. ससून रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे, आणि केंद्र सरकारच्या टेलिमानस या मानसिक आरोग्य सेवेच्या 14416 या क्रमांकावर दिवसरात्र मोफत बोलता येते. जीव देण्याचे विचार येत असतील तर रविवारची वाट पाहू नये, आजच कोणाला तरी सांगावे.

क्षमा करायची म्हणजे मारहाण सोसत राहायचे काय?

मुळीच नाही. क्षमा म्हणजे सूड सोडणे. त्यासाठी मारणाऱ्याच्या घरात राहावे लागत नाही, आणि त्याच्यावर पुन्हा विश्वास ठेवणे तर त्याच्या बदललेल्या वागणुकीवर अवलंबून असते. रमाबाईंनी केडगावच्या मुक्ती सदनात दुष्काळपीडित आणि टाकलेल्या मुलींना आणले तेव्हा त्यांना आधी सुरक्षित छप्पर, अन्न आणि हातांना काम दिले. कौटुंबिक हिंसाचाराविरुद्ध 2005चा कायदा आहे, महिलांसाठी 181 ही हेल्पलाइन आहे. जो पाळक पीडित पत्नीला केवळ प्रार्थना करून परत पाठवतो, तो तिला धोक्यात घालतो.

मुलांना हे कसे शिकवावे?

येशूच्या बाप्तिस्म्याच्या वेळी ‘तू माझा परमप्रिय पुत्र आहेस’ ही वाणी झाली, तेव्हा त्याने अजून एकही चमत्कार केलेला नव्हता. निकालाच्या दिवशी मार्क कळण्याआधी मुलाला जवळ घेणे, हे त्याचेच घरगुती रूप आहे. चूक केली तर चुकीला चूक म्हणावे, शिक्षाही द्यावी, पण जेवताना अबोला धरू नये. अबोल्यातून मूल एवढेच शिकते की प्रेम काढून घेता येते.

सुरुवात कोठून करावी?

इग्नेशियसची रात्रीची आत्मपरीक्षणाची पद्धत कोणत्याही पंथाच्या व्यक्तीला जमण्यासारखी आहे. तिच्यात आधी दिवसभरात मिळालेल्या गोष्टींबद्दल आभार मानायचे, मग स्वतःला नीट पाहता यावे म्हणून प्रकाश मागायचा, त्यानंतरच दिवस आठवायचा, चुकीबद्दल क्षमा मागायची आणि उद्यासाठी एखादा निश्चय करायचा. आपल्यापैकी बहुतेक जण आभाराचा भाग वगळून थेट चुकांच्या यादीवर येतात. तसे करू नये, कारण हा क्रमच या पद्धतीचा गाभा आहे. दहा-पंधरा मिनिटे पुरेत. ज्यांना वर सांगितलेला मंत्रचळाचा त्रास आहे त्यांनी हे एकट्याने करू नये, आपल्या उपचारकाशी बोलून वेळ ठरवून घ्यावी, आणि ती वेळ संपली की दिवा मालवून झोपावे, परीक्षण अपुरे राहिले आहे असे वाटत असले तरी.